कवटीचं लेबल

आमच्या कारखान्यात चमच्यांना चांदीचा मुलामा देतात. त्यासाठी लागणारं चांदीचं सायनाइड दिसायला पांढरं, मिठासारखं. चिमूटभर पोटात गेलं तर माणूस संपला. त्यावर ॲसिड सांडलं तर जो वायू सुटतो, त्याने आम्ही सगळ्याच संपलो. म्हणून डब्यावर कवटीचं लाल लेबल होतं. मालकांनी ते जपून सोलून काढलं.

"उगाच बायका घाबरतात आणि काम रेंगाळतं," म्हणाले. डबा ठेवला कुठे, तर ॲसिडच्या कॅनला खेटून, आमच्या पिण्याच्या पाण्याच्या पिंपाजवळ. केवढी ती अक्कल!

काल तपासणीला अधिकारी आले. मी चमच्यांचा ट्रे घेऊन ऑफिसातच उभी होते. मालकांच्या छोट्या फ्रिजकडे बघून ते दचकले. दारावर तेच लाल लेबल.

"अहो, सायनाइड फ्रिजमध्ये ठेवता?"

मालक तोंड उघडणार, एवढ्यात मीच बोलले.

"नाही साहेब, विष बाहेर आमच्यातच असतं. फ्रिजमध्ये मालकांचा केक आहे. आम्ही हात लावू नये म्हणून लेबल."