जाड पॅकिंग

मिस्त्रीने इंजिनचा सिलिंडर उजेडाकडे धरला आणि सासऱ्यांना आत बघायला सांगितलं. सासऱ्यांनी चष्मा कपाळावर ढकलून पाहिलं, मग सिलिंडर सुनेपुढे केला. तिनेही पाहिलं. आतल्या गुळगुळीत भिंतीवर तांबूस ओरखडे होते.

तिचा नवरा गेल्यापासून आठ महिने मोटरसायकल घराबाहेर एकाच जागी उभी होती. पाणी आत उतरलं, सिलिंडर आतून गंजला आणि पिस्टन जागीच अडकून बसलं. मिस्त्री हे समजावून सांगत होता आणि ती मान हलवत होती. मान हलवण्यात ती आता पटाईत झाली होती.

"काका, खरं सांगू? वहिनींना स्कूटर घेऊन द्या. बटण दाबलं की चालू. आणि ही मोडीत..." सासऱ्यांचा चेहरा बघून मिस्त्रीने पुढचं वाक्य गिळलं.

"हीच चालवणार आहे ती," सासरे म्हणाले. "एक तारखेपासून तिची बदली फिल्टर हाऊसला, पाणी तपासायला. तिकडे बस नाही."

घरात हे ठरलं तेव्हा ती 'चालेल' म्हणाली होती. फोटो कुठला लावायचा, कपाट कुणी आवरायचं, बदली घ्यायची की नाही, सगळ्यालाच ती 'चालेल' म्हणत आली होती. तसं म्हटलं की विचारणारी माणसं लवकर निघून जातात, एवढं तिच्या लक्षात आलं होतं.

मिस्त्रीने हात पुसले. "मग दोन रस्ते आहेत. एक, दुसरं जुनं इंजिन आणून बसवतो. परवा गाडी घेऊन जा. पण त्याच्या पोटात काय असेल, मी सांगू शकत नाही. दुसरा, हाच सिलिंडर लेथवर बोअर, म्हणजे आतून घासून मोठा, करून घ्यायचा आणि एक नंबर मोठं पिस्टन टाकायचं. वेळ लागेल. आणि हे शेवटचंच. यापुढे घासायला भिंत उरणार नाही."

"बोअर करा," सासरे लगेच म्हणाले.

"करतो. पण मग किक नव्या गाडीसारखी कडक होईल. वहिनींना झेपायची नाही. सिलिंडरखाली जाड पॅकिंग टाकलं तर किक हलकी होईल, पण गाडीचा दम जाईल. चढावर रडेल."

या गाडीच्या दमाचं कौतुक सासरे आल्यागेल्याला चहा निवेपर्यंत ऐकवत असत.

"तू सांग," ते तिला म्हणाले.

"चालेल."

"अगं, काय चालेल? पॅकिंग टाकून की न टाकता?"

ती पुन्हा मान हलवू लागली. दोघंही तिच्याकडे बघत राहिले.

मिस्त्रीनेच वाट काढली. कोपऱ्यात त्याच बनावटीची एक गाडी उभी होती, मागच्याच आठवड्यात बोअर केलेली. "हिला किक मारून बघा वहिनी. म्हणजे अंदाज येईल."

ती गाडीवर बसली. सासऱ्यांनी समोरून हँडल धरलं. तिने किकवर पाय ठेवला आणि सगळं वजन टाकलं. किक अर्ध्यावर अडली. तिने पुन्हा जोर केला. आत काहीतरी धाडकन फुटल्यासारखं झालं आणि किक उलटी फिरून तिच्या घोट्यावर बसली.

ती ओरडली. इतक्या मोठ्याने, की रस्त्यापलीकडचा पंक्चरवाला उठून उभा राहिला.

सासऱ्यांनी तिला धरून स्टुलावर बसवलं. गुडघे टेकून तेच खाली बसले, तिचा बूट काढला आणि घोट्यावर अंगठा दाबला.

"दुखतंय?"

"दुखतंय," ती म्हणाली. मग पुन्हा म्हणाली, "खूप दुखतंय बाबा."

सासऱ्यांनी मान वर केली नाही. "मिस्त्री, पॅकिंग टाका," ते म्हणाले. "दम गेला तर गेला."

"बरं. सगळ्यात जाड टाकतो," मिस्त्री म्हणाला.

"नको."

मिस्त्रीने सासऱ्यांकडे पाहिलं. पण सासरेही तिच्याकडेच बघत होते.

"पॅकिंग नको," ती म्हणाली. "होती तशीच करा."

"अगं, रोज किक मारावी लागेल. दिवसातून दोनदा."

"मारीन. तुम्ही शिकवा."

तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, आणि ते पुसायचं तिला सुचलं नव्हतं. मिस्त्री उगाचच पाना शोधायला आत गेला.

"नुसता जोर लावून चालू होत नाही ती," सासरे खाली बघत म्हणाले. "आधी हळूच दाबायची. कुठे अडते, ते पायाला कळलं पाहिजे. तिथे थांबायचं. मग तेवढी एक जागा हलकेच ओलांडायची, किक वर येऊ द्यायची, आणि मग एकदम."

"तिथे किती वेळ थांबायचं?"

"ते पायालाच कळेल," सासरे म्हणाले. घोट्यावरचा अंगठा त्यांनी अजून उचलला नव्हता.