सगळ्यांचा होकार

तीन महिने छळणारी चूक दानांग शहरातल्या सॉफ्टवेअर कंपनीत थुईने अखेर पकडली. एकाच यंत्रात अनेक आभासी संगणक नांदत होते. एका प्रोसेसरने मेमरीच्या तक्त्यात पानाची, म्हणजे माहितीच्या एका तुकड्याची, जागा बदलली, तरी दुसरा जुन्याच जागी लिहीत राहायचा, आणि तिथे तोवर भलत्याचंच बिऱ्हाड आलेलं असायचं.

"आधी सगळ्यांना कळवायचं. प्रत्येकाचा होकार आला, की मगच जुनी जागा सोडायची," ती शेजारी बसणाऱ्या खोआदादाला ऐटीत म्हणाली.

तेवढ्यात आईचा फोन आला. "अगं, मी तुझ्या खोलीवर आलेय. मुलगा लाजाळू आहे, पण माझ्या हातचा मासा दोनदा मागून घेतला. इतके दिवस लपवून का ठेवलंस त्याला? माझा होकार आहे."



थुईला ती खोली सोडून महिना झाला होता.