गरम माल

मागच्या सोमवारी डांबर-खडीचा डंपर तासभर उशिरा आला. वाटेत कुणीतरी उडवलेल्या एका म्हातारीला ड्रायव्हरने दवाखान्यात पोचवलं होतं. इंजिनिअरसाहेबांनी मालात थर्मामीटर खुपसला.

“थंड झालाय. परत ने. रस्ता करायला येतोस की समाजसेवा?”

आज डंपर वेळेआधीच हजर झाला. माल चांगला वाफाळत होता. थर्मामीटर बघून साहेबांनी पहिल्यांदाच ड्रायव्हरच्या पाठीवर थाप मारली.

“आता कसं! आज कुठे रेंगाळला नाहीस.”

“नाही साहेब. वळणावर तुमचे वडील पडले होते. स्कूटर अंगावर, तुमचा डबा रस्त्यावर सांडलेला. डंपर बघून हात करत होते.”

“मग?”

“माल थंड झाला असता, साहेब.”