शिक्का

"आला. पुन्हा त्याच रताळ्याच्या वड्या. यंत्र खपवायचंय तर निदान चव तरी बदल म्हणावं!"

पडद्याआडून हातानाका या तिथल्या कामगाराचा आवाज स्पष्ट ऐकू आला. कातागिरीने डबा दोन्ही हातांनी मिझुतानीबाईंपुढे केला आणि ऐकलंच नाही अशा थाटात वाकला.

टीव्हीवर खेळायच्या खेळांची यंत्रं बनवणाऱ्या कंपनीतला हा माणूस. यंत्रावर चालणारे खेळ मात्र बाहेरचे लोक बनवत, आणि ते एकेक करून दुसऱ्या कंपनीकडे सरकत होते. दोन महिन्यांत तो अकरा दारं हिंडला. 'नाही' कोणीच म्हणालं नाही. सगळे म्हणाले, "विचार करतो." सरळ नाही म्हणाले असते तर वड्यांचे डबे तरी वाचले असते. सोमवारी साहेबांनी बजावलं होतं, नाताळच्या आत खेळ बनवणाऱ्यांच्या यादीत नवं नाव दिसलंच पाहिजे.

हे बारावं दार. ओसाकातल्या या दोन खोल्यांत नऊ माणसं खेळ बनवायची; नवऱ्यामागे मिझुतानीबाईच सगळा कारभार बघत. कातागिरीच्या कंपनीने खेळ करून पाहण्यासाठी दिलेलं यंत्र मेजावर मांडलं होतं. नुकतंच पुसलेलं. पाठीवर फुलदाणीचा गोल डाग, आणि वायर कशालाच जोडलेली नाही. त्याने ते पाहिलं. मिझुतानीबाईंनी त्याला पाहताना पाहिलं. मग दोघांनी चहा घेतला.

"करार आणलात?" बाईंनी विचारलं.

हातानाका पडद्याबाहेर आला. "बाई, एका खेळाला दीड वर्ष जातं. हा पडला तर आपण नऊ जण..."

"हे गेले तेव्हा मोठमोठ्या कंपन्यांच्या तारा आल्या होत्या," बाई म्हणाल्या. "हा माणूस स्वतः आला. दोन दिवस दाराशी बसून लोकांचे जोडे सरळ लावत होता. तू कुठे होतास रे?"

"मी रडत होतो," हातानाका पुटपुटला.

कातागिरीने कराराचा कागद मेजावर ठेवला, तसा बाईंनी सहीच्या जागी उमटवायचा नवऱ्याचा शिक्का काढला. "एवढंच सांगा, कातागिरीसान. खेळ तयार होईल तेव्हा तुमचं यंत्र दुकानात असेल ना?"

"कंपनी पूर्ण ताकदीनिशी प्रयत्न करत आहे."

"बस. तुमचा शब्द पुरे."

त्यांनी शिक्का लाल शाईत टेकवला. दुसऱ्या हाताने कागद सरळ केला. बारावं दार, पहिला होकार. साहेब खूश झाले असते. शिक्का खाली आला, आणि कातागिरीचा हात आपोआप कागदावर पडला.

मिझुतानींचं नाव त्याच्या हातावर उमटलं, लालभडक.

"अहो, हे काय!"

त्याने हात हलवला नाही.

"सोमवारीच ठरलंय, बाई. यादीत नावं हवीत ती नाताळच्या विक्रीपुरती. मार्चनंतर आम्ही हे यंत्र बनवणार नाही."