दुसरं लॉगिन

भर दुपारी ऑफिसातली सगळी मशिनं एकाएकी सर्व्हरपासून तुटली, तेव्हा सर्व्हर सांभाळणाऱ्या ताईंनी आधी आत कोण कोण आहे ते पाहिलं. त्यांचंच लॉगिन दोनदा दिसत होतं. एक त्यांच्या टेबलावरून, दुसरं मागच्या कुलूपबंद खोलीतल्या जुन्या मशीनवरून.

त्यांचा संशय थेट समोरच्या सहकाऱ्यावर गेला. ताईंच्या खुर्चीवर त्याचा कधीपासून डोळा होता.

"माझ्या नावानं आत शिरून सर्व्हिस कोण बंद पाडतंय रे?"

"ताई, मी तुमच्यासमोर बसलोय की! उगाच माझ्या नावावर बिल फाडू नका."

ताईंनी त्याच्याकडे पाठ करून पासवर्ड बदलला. आयत्या वेळी मनात आलेला, कुणालाही न सांगितलेला शब्द घातला. दुसरं लॉगिन गेलं, आणि लगेच परत आलं. नव्या पासवर्डनं.

सहकाऱ्याचे दोन्ही हात टेबलावर होते. खोलीची एकुलती एक किल्ली ताईंच्या पर्समध्ये होती.

त्यांनी दातओठ खात त्या दुसऱ्या लॉगिनला हाकलण्याची कमांड दिली. पडदा काळा झाला तो त्यांचाच. कितीही बटणं दाबली तरी अक्षर उमटेना.

"अरे, बघ ना जरा, मलाच बाहेर काढलं!"

सहकाऱ्यानं मान वर केली नाही. मग तो उठला, त्यांच्या शेजारून गेला आणि त्यानं मागच्या खोलीच्या कुलूप लावलेल्या दारावर टकटक केली.

"ताई, सापडला का हो चोर?"

"सापडली," आतून ताईंचा आवाज आला. "आत्ताच बाहेर काढली तिला."