गाडीची खोड

दिवेलागणीला बिभीषणनं अंगणात इंजिन बंद केलं. हेडलाइटनी एकदा डोळे मिटले आणि लगेच सताड उघडून घराच्या दाराकडं बघत राहिले.

“हे बघा खाजाभाई. हीच खोड.”

बिभीषण घोडेगावच्या बाजारातला बैलांचा व्यापारी. जनावराची खोड गिऱ्हाइकापासून लपवायची नाही, हे तत्त्व त्यानं आयुष्यात पहिल्यांदाच पाळलं, तेही गाडीच्या बाबतीत.

गिऱ्हाईक म्हणून आलेल्या खाजाभाईनं गाडीभोवती फेरी मारली, बॉनेट थोपटलं, दात बघावेत तसं वाकून पुढच्या जाळीत बघितलं. “मारती का?”

“न्हाई. पर डोळा लावत न्हाई. मी घरात गेलो की मग मिटती.”

“चालंल. आपली खिलारी जोडी घ्या, चावी द्या.”

बदल्यात द्यायला आणलेली त्याची बैलजोडी कुंपणाला बांधून तयार होती. बिभीषणची बायको राहीबाई दारातून धावली. नवऱ्याची ही गाडी परवाच तिनं पहिल्यांदा एकटीनं नेवाशाला नेऊन आणली होती. बैल काही तिला नेवाशाला नेणार नव्हते.

“थांबा! अवं, चालू करून पुन्ना बंद करा बरं.”

बिभीषणनं इंजिन चालू करून बंद केलं. दिवे विझले. मग दावणीला बांधलेल्या बैलापासून निघताना तो रोज जे करायचा, तेच त्याच्या हातानं आपलं आपण केलं: कान हळूच ओढला आणि बोटं स्वतःच्या कपाळाला लावली. गाडीला कान नव्हता. स्टेअरिंगला लागून इंडिकेटरची दांडी होती, तीच ओढली गेली.

हेडलाइट लागले.

“उतरा खाली,” राहीबाई म्हणाली.

ती आत बसली. इंजिन चालू केलं, बंद केलं, हात मांडीवर ठेवले. अंधार. मग तिनं दांडी ओढली. उजेड. त्या उजेडात ती अंगण तुडवत दारापर्यंत गेली. उंबरा ओलांडला आणि मागं दिवे शांतपणे मिटले.

“कान तुमी वढता!” ती आतूनच ओरडली. “ती बिचारी घरापत्तुर उजेड दाखवती. खोड तुमची हाय, तिची न्हाई!”

खाजाभाईनं बिभीषणला पायापासून वरपर्यंत न्याहाळलं. “भाभी, मग याचं काय करायचं?”

“ऱ्हाऊ द्या. मारत न्हाईत.”

चावी कमरेला खोचून ती पुन्हा अंगणात आली. खाजाभाईनं परत न्यायला जोडी सोडली. वाट अंधारी होती. राहीबाईनं गाडी वाटेकडं वळवून बंद केली.

बिभीषणनं दोन्ही हात पाठीमागं धरले होते.

राहीबाईनं गाडीचा कान ओढला. बैल उजेडातून ऐटीत निघाले.