रात्रभराचा चिमटा

"बघा, मशीन खोटं बोलत न्हाई," पुंजाराम म्हणाला आणि त्यानं काळीपिवळी जीपची किल्ली बोटाभोवती गरकन फिरवली. "आता तरी गाडी चालवू द्या."

डॉक्टर नाहिद पडद्यावरची रेघ पाहत होत्या. पूर्वी या तपासणीला औरंगाबाद गाठावं लागे, अंगभर वायरी लावून रात्र काढावी लागे. आता परतूरच्या या छोट्या दवाखान्यातून माणूस बोटाचा चिमटा घरी नेतो, लावून झोपतो, सकाळी परत आणतो. झोपेत श्वास अडला की रक्तातला ऑक्सिजन उतरतो. चिमटा ते टिपून ठेवतो.

पुंजारामची रेघ उतरू लागे आणि लगेच वर येई. रात्रभर तसंच.

"वाटूरच्या रस्त्याला डुलकी लागली, गाडी बाभळीत घातलीत. आणि रेघ इतकी चांगली?" डॉक्टरांनी विचारलं.

"कुणाला खरचटलं बी न्हाई," पुंजाराम म्हणाला.

"नशीब लोकायचं," शेजारी बसलेली त्याची बायको द्वारकाबाई म्हणाली. "घोरता घोरता ह्यांचा आवाजच बंद पडतो, बाई."

"हिलाच झोप न्हाई. म्हून माझ्या नावानं बोंब."

डॉक्टरांनी मोर्चा द्वारकाबाईकडे वळवला. चिमटा निघाला होता का? दारू घेतात का?

"न्हाई बाई, माळ हाय गळ्यात. रात्री भाकर अन् पिठलं खाल्लं..."

खाली किल्ली पडल्याचा आवाज झाला. पुंजारामची मान छातीवर गेली होती. घोरणं सुरू झालं, चढलं आणि एकदम थांबलं.

"...वरून ताक पेले," द्वारकाबाई सांगतच होती. तिचं कोपर हळूच नवऱ्याच्या बरगडीत गेलं. त्याचा श्वास पुन्हा सुरू झाला.

"मावशी, हे आत्ता काय केलंत?"

"काय केलं?"

"कोपर."

द्वारकाबाईनं आपल्या कोपराकडे पाहिलं. "ते व्हय? ते रोजचंच हाय. आवाज थांबला की हात जातो. झोपेत बी जातो."

"काल रात्रीसुद्धा?"

"मंग? चिमटा लावला म्हून काय मरू द्यायचं?"

डॉक्टर हसल्या. मग पडद्यावरची ती लगेच वर येणारी रेघ पाहून त्यांचं हसू विरलं. त्यांनी उठून झोपलेल्या पुंजारामच्या बोटाला चिमटा लावला. "आता हलवू नका. मी आहे इथं."

"अन् मशीन हलवती का ह्यांला?"

"नाही. ती फक्त मोजते."

"एवढी शिकलेली मशीन, अन् नुसती बघत बसती?" द्वारकाबाईनं वाकून फरशीवरची किल्ली उचलली.

घोरणं पुन्हा चढलं. थांबलं.

चिमट्यावरचा आकडा उतरू लागला. द्वारकाबाईनं डाव्या हातानं आपलं उजवं मनगट घट्ट धरलं. आकडा आणखी उतरला. बाहेर कंपाउंडर कुणाला तरी नंबर सांगत होता. डॉक्टर पुढं झुकल्या; पण त्यांनी हात वर करून थांबा असंच खुणावलं.

मोठा आचका देऊन पुंजाराम जागा झाला. डोळे लाल, तोंड उघडं. त्यानं आधी मांडीवर किल्ली चाचपली. ती द्वारकाबाईच्या मुठीत होती आणि मूठ उघडत नव्हती.

त्यानं किल्ली मागितली नाही. बायकोकडे पाहत, श्वास सावरत तो म्हणाला,

"का गं, आज हलवलं न्हाईस?"